गोळी अर्ध्या तासात विरघळते

आमच्या लॅबमध्ये एक गरम पाण्याचा बाथ आहे. त्यात काचेची सहा भांडी, आम्ही त्यांना व्हेसल म्हणतो, प्रत्येकात ९०० मिली द्रावण, ३७ डिग्रीला, म्हणजे साधारण पोटात असतं तेवढंच गरम, आणि वरून सोडलेली सहा पॅडल एका तालात फिरत असतात. प्रत्येकात एकेक गोळी टाकायची, टायमर लावायचा आणि ठरलेल्या मिनिटाला सॅम्पल ओढायचं. ह्याला डिसोल्युशन म्हणतात. चौदा वर्षं झाली, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एमआयडीसीत मी हेच करते. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून तसाही कोणाला फरक पडणार नाही, दुसऱ्यांच्या ब्रँडच्या गोळ्या बनवणाऱ्या अशा कितीतरी कंपन्या त्या पट्ट्यात आहेत.

एस्सिटालोप्रामच्या बॅचेस आमच्याकडे सतत येतात. छोटीशी पांढरी गोळी, बघता बघता दिसेनाशी होते. अर्ध्या तासाचं सॅम्पल काढलं की एचपीएलसीला, म्हणजे किती औषध उतरलं ते मोजणाऱ्या मशीनला लावायचं, ग्राफवरचा उंचवटा, म्हणजे पीक बघायचा, सही, पुढची बॅच. आणि चौदा वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही की ही गोळी शेवटी घेतं कोण. खरंच नाही पडला. डिप्रेशनची गोळी आहे हे माहीत होतं, पण ते ब्लड प्रेशरची, ॲसिडिटीची तसंच.

मागच्या जुलैत ती माझ्या दादाने घेतली.

दादा ऐरोलीत राहतो, सहकारी बँकेत आहे, वय ४८. गल्लीतल्या पोरांना गोळा करून गणपतीचं मखर करणारा, थंडीत सगळ्या खानदानाला खाडीवर फ्लेमिंगो बघायला घेऊन जाणारा आणि तिथे कोणी मोठ्याने बोललं की डोळे वटारणारा. होळीच्या आसपास काहीतरी बिनसलं. एकदम नाही, हळूहळू. आधी पेपर वाचणं गेलं. मग पहाटे तीनला जाग यायला लागली, आणि जाग आली की बाल्कनीत जाऊन बसायचं ते उजाडेपर्यंत. मग अंघोळ ही एक अख्ख्या दिवसाची गोष्ट झाली, म्हणजे सकाळपासून 'जातो' म्हणायचा आणि दुपारी दोनला टॉवेल तसाच खांद्यावर. आपल्याकडे जे जे करतात ते सगळं झालं: थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, एका काकांनी सांगितलं म्हणून नजर उतरवून झाली, एकाने सांगितलं ट्रेकला न्या, एकाने सांगितलं त्याला जरा बोला, ऐकून घेता म्हणून असं करतो. व्हिटॅमिन डी कमीच निघालं, ते सगळ्यांचंच निघतं, त्यामुळे अजून सहा आठवडे त्याच्या सॅशेवर गेले.

शेवटी मीच ठाण्यातल्या एका सायकिअॅट्रिस्ट मॅडमची वेळ घेतली. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून आलो, स्टेशनवरून रिक्षा, आणि रिक्षात बसल्यावर दादा कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी बोलला. म्हणाला, "शेवटी ठाण्यालाच आणलंस मला."

हे फक्त मराठी माणसालाच कळेल. आम्ही दोघं ठाण्यात वाढलो, आणि ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं, पाहुणे आले की, शाळेच्या कॅम्पला गेलो की: ठाण्याचे का, भिंतीच्या आतले की बाहेरचे? इथलं मनोरुग्णालय १९०१ चं. शंभराच्या वर वर्षं ते ह्या शहराच्या नावाला असं चिकटलेलं आहे की 'ह्याला ठाण्याला न्या' म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. आता त्याच्याच जागेवर ठाणे-मुलुंडच्या मध्ये नवीन रेल्वे स्टेशन होतंय, म्हणजे पुढची पिढी बहुतेक खरोखरच तिथे उतरणार. दादा ते वाक्य बोलला आणि मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. विनोदाचा सांगाडा तेवढा शिल्लक होता, मागे माणूस नव्हता.

मॅडम बऱ्या होत्या. फार गोड बोलणाऱ्या नाहीत, ते मला बरंच वाटलं. त्यांनी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का? वहिनीचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. दादाने बराच वेळ घेतला आणि म्हणाला, "मरावंसं नाही वाटत. पण उठावंसं पण नाही वाटत." त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग गोळी लिहून दिली: पहिला आठवडा पाच मिलिग्रॅम, मग दहा, सोबत दोन आठवडे झोपेसाठी क्लोनाझेपामची अगदी कमी पॉवरची. सगळ्या गोळ्या वहिनीच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. मध्येच काही वाटलं, रात्री-अपरात्री, तर त्यांचा नंबर, आणि सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन १४४१६. वहिनीने तो नंबर फ्रिजवर चिकटवला, गॅस सिलेंडरवाल्याच्या नंबराशेजारी.

आणि शेवटी ते वाक्य. "गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी."

मी मान डोलावली. मला माहीत होतं, लीफलेटवर असतं तसं. दादाने विचारलं, "तोपर्यंत?"

मॅडम म्हणाल्या, "तोपर्यंत रोज घ्यायची."

वहिनीने कालनिर्णयवर पेन्सिलने टिक करायला सुरुवात केली. दुधाचा हिशोब ती तिथेच लिहिते, अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, त्याच चौकोनात कोपऱ्यात एक छोटी टिक. आणि मग आमचे ते तीन आठवडे सुरू झाले. ज्याने हे घरात काढलेत त्यालाच कळेल. तिसऱ्या दिवशी त्याला मळमळ, चौथ्या दिवशी हात थरथरतायत म्हणाला, पाचव्या दिवशी पोट बिघडलं, आतून अस्वस्थ वाटतंय म्हणून घरभर फेऱ्या. म्हणजे औषधाचा त्रास पहिल्याच आठवड्यात हजर आणि गुण मात्र तारीख पे तारीख. वहिनीचा मला फोन, "अगं तू ह्याच गोळ्या तपासतेस ना, मग बरोबर आहेत ना गं त्या?" त्या पाकिटावर आमच्या प्लांटचा पत्ता नव्हता, मी पहिल्याच दिवशी मागे उलटून बघितलेलं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाथसमोर उभी राहिले आणि ती गोळी विरघळताना बघून मला इतका राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. अर्ध्या तासात विरघळतेस ना? पाच तासांत रक्तात तुझं प्रमाण सगळ्यात जास्त असतं ना? मग तीन आठवडे करतेस काय?

रात्री हेच शोधत बसायला लागले. नवरा म्हणाला झोप, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.

तर मला जे कळलं ते असं. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देताना मधल्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सोडते, आणि निरोप देऊन झाला की एक प्रोटीन ते परत आत ओढून घेतं. पंपच तो, आपल्या सोसायटीत असतो तसा. त्याचा नेमका आकार २०१६ मध्ये बघायला मिळाला, अमेरिकेतल्या एरिक गूओ ह्या शास्त्रज्ञाच्या लॅबने त्या मानवी प्रोटीनचे क्रिस्टल करून चित्र काढलं, आणि त्या चित्रात पंपाच्या बरोबर मधोमध एस्सिटालोप्राम अडकलेलं दिसतं. मी ते चित्र मोठं करून करून बघितलं. माझी गोळी. चौदा वर्षं जिचा फक्त पीक बघितला ती तिथे दाराला पाय लावून बसलेली. आणि ती पहिल्याच दिवशी तिथे जाऊन बसते. बहुतेक पंप पहिल्या काही दिवसांतच जाम झालेले असतात.

मग पाणी का चढत नाही? तर टाकीत फ्लोट असतो. पाणी वाढलं की फ्लोट वर येतो आणि नळ बंद. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीलाही असा फ्लोट आहे, तेही एक प्रोटीनच, फटीत जास्त झालं असं त्याला जाणवलं की ते पेशीला सांगतं, बास, कमी सोड. म्हणजे गोळी पंप बंद करते आणि पेशी नळ बंद करते, आणि हिशोब जवळपास होता तिथेच. तो फ्लोट सैल पडायला दोन-तीन आठवडे लागतात. हे एक उत्तर झालं. दुसरं असं की नुसतं पाणी चढून भागत नाही, झाड सुकलेलं आहे. दीर्घ ताणात पेशींची टोकं, जिथे एकमेकींना भेटतात ते बारीक काटे, कमी होतात, ते परत फुटायला बीडीएनएफ नावाचं वाढीचं प्रोटीन लागतं, आणि वाढ ही वाढीच्या वेगानेच होते. सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन ही गोष्ट आपण सगळे ज्या आत्मविश्वासाने सांगतो तेवढी सरळ कधीच नव्हती. (आमच्या फॅमिली ग्रुपवर ह्याच काळात एक फॉरवर्ड आलं की सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली, गोळ्या म्हणजे फसवणूक. पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, दुसरा नाही. २०१८ मध्ये २१ औषधं, ५२२ चाचण्या आणि एक लाखाच्या वर पेशंट असं सगळं एकत्र करून बघितलं तेव्हा २१च्या २१ औषधं औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फार नाही, पण सरस. गोळी का चालते ह्याची गोष्ट चुकीची असली म्हणून गोळी चालत नाही असं होत नाही. मी हे टाइप केलं आणि डिलीट केलं, कारण ग्रुपवर दादा पण आहे.)

मूळ औषधंच अशी चुकून सापडलेली. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या टीबी हॉस्पिटलात १९५२ च्या सुमारास टीबीसाठी म्हणून इप्रोनियाझिड दिलं आणि पेशंट खूश व्हायला लागले. तिथून पुढे पन्नास वर्षं बहुतेक सगळी औषधं त्याच एका घराण्यातली, सेरोटोनिन नाहीतर त्याची भावंडं, आणि सगळ्यांची तीच वाट बघायची सवय.

आणि मग अकराव्या की बाराव्या टिकच्या रात्री मी केटामिनपाशी पोचले.

केटामिन म्हणजे भुलीचं औषध. १९६२ मध्ये पार्क-डेव्हिसच्या केल्विन स्टीव्हन्सने बनवलं, १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता, व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांना दिलं, आपल्याकडे छोट्या हॉस्पिटलांत अजून वापरतात कारण त्याने श्वास फारसा दबत नाही. हे सेरोटोनिनच्या वाटेलाच जात नाही. मेंदूतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा निरोप्या ग्लुटामेट, त्याचं एक प्रोटीन आहे एनएमडीए रिसेप्टर, त्याच्या भोकात हे बूच मारून बसतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सात पेशंटना भुलीच्या डोसपेक्षा खूप कमी डोस दिला, तो रिपोर्ट २००० साली आला. मग २००६ मध्ये कार्लोस झराटे आणि मंडळींनी १७ जणांना दिला, आणि हे कोण होते, तर ज्यांच्यावर आधीची औषधं चाललेली नव्हती. सलाईनमधून ४० मिनिटं. दुसऱ्या दिवशी ७१ टक्के लोकांचं डिप्रेशन निम्म्याहून कमी.

दुसऱ्या दिवशी!

मी रात्री एक वाजता किचनमध्ये उभी राहून पाणी प्यायले. मग त्याच पेपरातला पुढचा आकडा वाचला, आठवडाभर टिकलेले ३५ टक्के.

माझ्या धंद्यातली म्हणून एक गंमत सांगते. एस्सिटालोप्राम मधला 'एस्' आणि केटामिनपासून काढलेल्या एस्केटामिन मधला 'एस्' एकच. काही रेणू चपलांसारखे असतात, डावी आणि उजवी, सगळं सारखं पण एक दुसरीच्या पायात जात नाही. सिटालोप्राम ही दोन्हींची जोडी, त्यातली काम करणारी चप्पल वेगळी काढली की एस्सिटालोप्राम. उजवी चुकून किती राहिलीये हे तपासायला आमच्याकडे वेगळा कॉलम, म्हणजे मशीनमधली रेणू वेगळे करणारी नळी आहे, महागडी, ती कोणी पाडली तर घरी जायची वेळ येईल. केटामिनचंही तसंच केलं, एस् वेगळं काढलं, नाकात मारायचा स्प्रे बनवला, मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता. पण इथे चपलेचा हिशोब सरळ निघेना. एस् त्या रिसेप्टरला कितीतरी घट्ट बसतं, आणि उंदरांवर मात्र आर् चा, म्हणजे दुसऱ्या चपलेचा, गुण जास्त टिकल्याचं दिसलं, मग लोक म्हणाले म्हणजे रिसेप्टरचा संबंधच नाही की काय, मग आर् माणसांवर एका चाचणीत दिलं तर २०२३ मध्ये ते नापास. क्यूसीवाल्या, म्हणजे माल तपासणाऱ्या बाईला हे सहन होत नाही. आमच्याकडे गोष्ट स्पेकमध्ये, ठरलेल्या मापात असते नाहीतर नसते.

पुढच्या व्हिजिटला मी एकटीच आधी आत गेले आणि मॅडमना विचारलं, केटामिन का नाही? मला वाटलं चिडतील. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन औषधं नीट डोसात, नीट दिवस देऊन फेल गेली की विचार करतात. तुमच्या भावाची पहिली गोळी, बारावा दिवस." मग सांगितलं की ते घरी न्यायची गोष्ट नाही, हॉस्पिटलात द्यायचं, बीपी वर जातं, माणसाला आपण आपल्या बाहेर आहोत असं वाटायला लागतं, स्प्रे दिला तरी दोन तास बसवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही, नशेसाठी वापर होतो म्हणून आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे. आणि उतरतं. म्हणजे परत द्यावं लागतं. जीवावर बेतलंय, खाणंपिणं बंद झालंय, तिथे वेळ नसतो, तिथे त्याचा उपयोग, आणि तिथे आजही ईसीटी, म्हणजे विजेचा शॉक, आहेच. शॉक म्हटल्यावर माझा चेहरा बदलला असणार. त्या म्हणाल्या, "आता भूल देऊनच देतात, बिनभुलीचा कायद्यानेच बंद आहे. लवकर गुण येणारी गोष्ट १९३८ पासून आहे. फक्त तिचं नाव ऐकून लोक पळतात."

मग विचारलं, "घाई त्याला आहे की तुम्हाला?"

हे मला लागलं. बाहेर येऊन दादाच्या शेजारी बसले. तो समोरच्या भिंतीवरच्या योगासनांच्या पोस्टरकडे बघत होता. घाई त्याला नव्हतीच. त्याला काळ जातोय हेच जाणवत नव्हतं, तो एका लांबलचक दुपारीत अडकलेला. दिवस आम्ही मोजत होतो.

तरीही मला हे पटत नाही की घाई वाईट. मला अजूनही वाटतं की तीन आठवडे हे फार क्रूर आहे. डोकेदुखीची गोळी घेऊन कोणी तीन आठवडे थांबेल का? आणि तेही अशा आजारात की ज्यात थांबण्याची ताकदच आधी जाते, 'बरं होईल' ह्यावरचा विश्वास हाच ज्यात पहिल्यांदा मरतो. तिथे त्या माणसाला सांगायचं की विश्वास ठेव आणि त्रास काढ. अर्धे लोक ह्याच मधल्या काळात गोळी सोडत असतील तर मला नवल नाही वाटणार. त्यामुळे जी मंडळी लवकर लागू पडणाऱ्या औषधामागे लागलीयेत त्यांच्याबद्दल मला प्रेम वाटतं, ती हरतात तेव्हा जास्तच. आणि हरतात बऱ्याचदा. रॅपास्टिनेल नावाचं एक होतं, त्याच एनएमडीए रिसेप्टरवर वेगळ्या जागी बसणारं, भ्रम न करणारं, सुरुवातीला फार छान दिसत होतं, आणि एस्केटामिनला मान्यता मिळाली त्याच महिन्यात त्याच्या मोठ्या चाचण्या आपटल्या.

दुसरीकडे काही लोक अगदीच वेगळ्या प्रोटीनच्या मागे. सॅन डिएगोच्या अब्राहम पामरच्या लॅबने जीएलओ-वन नावाचं एक एन्झाइम धरलं. ह्याचं काम पेशीतला मिथाइलग्लायोक्सॉल नावाचा कचरा साफ करणं. पण हा कचरा पूर्ण कचरा नाहीये, तो मेंदूला शांत करणारा जो गाबा रिसेप्टर आहे त्याला हलकेच चालू करतो. मग सफाई थोडी अडवली तर? २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की ते एन्झाइम अडवल्यावर उंदरांमध्ये पाच दिवसांत फरक दिसतो, प्रोझॅक ह्या डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळीला तिथे चौदा दिवस लागतात. पाच विरुद्ध चौदा. पण उंदीर.

उंदीर डिप्रेस्ड आहे हे कळतं कसं, हे मी वाचलं आणि मला रडू की हसू कळेना. पाण्याच्या भांड्यात टाकतात. पोहतो, पोहतो, मग एका क्षणी पोहणं थांबवून नुसता तरंगतो. किती वेळ तरंगतो ते मोजायचं. १९७७ पासून हे चालू आहे. त्यात एक मोठी गोची अशी की माणसांत तीन आठवडे घेणाऱ्या गोळ्या ह्या टेस्टमध्ये एका डोसला तासाभरात पास होतात, म्हणजे वेगाचा अभ्यास करायला ही टेस्ट बिनकामाची. म्हणून दुसरी वापरतात: भुकेल्या उंदराला अनोळखी, लख्ख उजेडाच्या जागेत सोडायचं, मधोमध खाणं ठेवायचं, आणि तो कडेवरून मध्ये यायला किती वेळ घेतो ते बघायचं. इथे नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात. हे वाचलं तेव्हा मला दादा जेवणाच्या टेबलापाशी उभा दिसला, खुर्ची ओढावी की नाही ह्या विचारात, वहिनी आतून म्हणतेय अरे बस ना, निवतंय.

केटामिन नेमकं करतं काय ह्यावर अजून भांडणं आहेत. एक साखळी बरीच मान्य आहे: बूच बसलं की ग्लुटामेटची लाट येते, त्यातून बीडीएनएफ, त्यातून एमटॉर नावाचं प्रोटीन चालू होतं आणि ते पेशीला प्रोटीन बनवायला लावतं, काही तासांत नवे काटे. येलच्या रोनाल्ड डुमान यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की एमटॉर अडवलं तर केटामिनचा गुणच येत नाही. एमटॉर अडवायचं औषध रॅपामायसिन, आणि ते शोधलं आपल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी, मॉन्ट्रियलमध्ये, ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूंतून. कंपनीने प्रोजेक्ट बंद केला, बदली झाली, तर ह्या बाबाने ते जंतू घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून प्रिन्स्टनला नेले. आमच्याकडे साधं सॅम्पलचं रजिस्टर गेटबाहेर नेलं तर मेमो मिळतो. असो. तर मग २०२० मध्ये माणसांना आधी रॅपामायसिन देऊन मग केटामिन दिलं, अपेक्षा अशी की गुण येणार नाही. झालं उलटंच, दोन आठवड्यांनी बघितलं तर रॅपामायसिन घेतलेल्यांचा गुण जास्त टिकलेला. वीसच माणसं होती, पण तरी.

आणखी एक अशीच झोप उडवणारी. स्टॅनफर्डमध्ये ऑपरेशनसाठी पूर्ण भूल दिलेल्या ४० डिप्रेशनच्या पेशंटपैकी निम्म्यांना भुलीतच केटामिन दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणालाच कळायला मार्ग नाही की आपल्याला काय मिळालं. निकाल २०२३ मध्ये आला, दोन्ही गटांना भरपूर बरं वाटलं आणि दोन्हींत फरक नाही. म्हणजे काय समजायचं? केटामिन थोतांड? मला तसं नाही वाटत, पण आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी मोठं करतंय, दहा माणसं भोवती उभी आहेत, ह्याचंही काही प्रोटीन असेल मेंदूत. ते कुठल्या कॉलमवर दिसणार.

एकोणिसाव्या टिकच्या दिवशी, माझी फर्स्ट शिफ्ट, पावसाने ट्रान्स-हार्बर रखडलेली, रबाळ्याला गाडीत उभी असताना वहिनीचा फोन. मी घाबरले, कारण ती ह्या वेळेला फोन करत नाही. म्हणाली, "अगं, त्याने चहाला नावं ठेवली."

"काय?"

"म्हणाला, पाणचट झालाय. आलं पण नाही घातलंस."

चार महिने हा माणूस समोर जे येईल ते पीत होता. गार झालेला चहा, साखर विसरलेला चहा. वहिनी फोनवर रडत होती आणि म्हणत होती, मी आलं मुद्दाम नव्हतं घातलं, संपलंय, आता आणते. बाजूच्या बाईने मला बसायला जागा दिली, तिला काय वाटलं देव जाणे.

स्वतः दादाला विचारलं तर म्हणाला, काही फरक नाही. नंतर कळलं की हे असंच असतं, घरच्यांना आधी दिसतं आणि पेशंटला सगळ्यात शेवटी. आणि तो खोटं पण बोलत नव्हता. झोप सुधारली, पेपर उघडायला लागला, पण वाचायचा नाही, नुसता घडी मोडायचा. सहा आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, अर्धं झालंय, दहाचे वीस करू. पहिल्याच गोळीने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक, अमेरिकेत चार हजारांवर पेशंट घेऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असंच निघालं होतं, हे मी तोपर्यंत वाचलेलं होतं, तरी पोटात गोळा आला. परत मोजायचं. वहिनीने ऑगस्टच्या पानावर नव्याने टिक सुरू केली. मी परत रात्रीची वाचायला बसले, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी २०२३ मध्ये आलेली झुरॅनोलोन, तीही गाबा रिसेप्टरवर, चौदा दिवसांचा कोर्स आणि संपलं. चौदा दिवस आणि संपलं. आईच्या वेळी, आत्याच्या वेळी कोणी नावसुद्धा दिलं नव्हतं ह्याला, 'बाळंतिणीला रडू येतं' एवढंच.

ऑफिसात आता मी एस्सिटालोप्रामची बॅच आली की दुसऱ्या कोणाला देत नाही. काही उपयोग नाही त्याचा, गोळी मी तपासली काय आणि शेजारच्या पोराने तपासली काय, मशीन तेच. पण सहा व्हेसलमध्ये सहा गोळ्या टाकताना हात जरा सावकाश चालतो.

परवा ऐरोलीला गेले होते, गणपतीनंतर. मखराचे पुठ्ठे अजून पॅसेजमध्ये पडलेले, ह्या वर्षी ते वहिनीच्या भावाने केलं, दादा बाजूला बसून सांगत होता की कोपरा वाकडा आलाय. दूधवाल्याचा हिशोब करायला वहिनीने कालनिर्णय खाली काढलं. सप्टेंबरच्या पानावर अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, सगळं नीट लिहिलेलं, आणि अकरा तारखेनंतर टिक नाही. मी विचारलं, गोळी चालू आहे ना? तर म्हणाली, हो गं, तो स्वतःच घेतो आता, किल्ली मागतो रात्री, आणि मग पानाकडे बघून म्हणाली, अरे हो, टिक राहिलीच की, आणि पेन्सिल शोधायला लागली.

दादा आतून ओरडला, चहा कोण ठेवतंय, आलं घाला.